मधल्या घराचा नकाशा

सोमवार, ७ फेब्रुवारी १९३८. अकोला स्टेशन, सकाळची गाडी.

हजर: मी; इमारतखात्यातून गेल्या वर्षी निवृत्त झालेले ओव्हरसियर वामनराव; आणि किसन, वय चौतीस, दोन दिवसांपूर्वी तुरुंगातून सुटलेला. गैरहजर: मंडळाचे चिटणीस. त्यांनी येतो म्हणून दोनदा कळवले होते आणि आदल्या संध्याकाळी त्यांना ताप आला.

सामान: दोन वळकट्या, नकाशाची नळी, मोजायची फीत, दशम्यांचा डबा, पाण्याची सुरई, आणि किसनचे गाठोडे. गाठोडे एवढे लहान होते की हमालाने ते उचलायला नकार दिला.

आमचे मंडळ तुरुंगातून सुटलेल्यांना मदत करते. म्हणजे आजवर एक धोतरजोडी, गाडीचे तिकीट आणि थोडा उपदेश. त्यातले बरेचसे लोक गावी जातात आणि महिन्या-दोन महिन्यांत परागंदा होतात. कुणाला घरचे घेत नाहीत, कुणाला जात घेत नाही, कुणाची गावात कोणी वाट पाहत बसलेले असते. म्हणून ठरले, की वाशीमला चार खोल्यांचे एक घर बांधायचे. तुरुंगातून सुटल्यावर माणसाने सहा महिने तिथे राहावे, काम करावे, घरच्यांनी येऊन भेटावे, आणि गावाची तयारी झाली की मग गावी जावे. आम्ही त्याला मधले घर म्हणू लागलो. मी अकोल्यात वीस वर्षे मुलींचे वसतिगृह चालवते. परकी माणसे एका छपराखाली कशी नांदतात हे मला कळते असे मंडळाचे मत पडले, आणि नकाशावर वामनरावांबरोबर माझीही सही झाली.

या प्रवासात मी पाचही दिवस भ्याले. कशाला भ्याले ते मात्र रोज बदलत गेले.

पहिल्या दिवशी मी किसनला भ्याले. त्याने नऊ वर्षांपूर्वी माणूस मारला होता. केनवडजवळचे एक लहान गाव. नाव मुद्दाम लिहीत नाही. पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून कुणाची जोडी आधी जायची यावर भांडण झाले, आणि किसनने नारायण नावाच्या माणसाच्या डोक्यात काठी घातली. नारायणाला एक धाकटा भाऊ होता, सखाराम. निघण्याच्या आठवडाभर आधी सखारामचे कार्ड मंडळाला आले होते, शाळामास्तरांकडून लिहून घेतलेले, अक्षर वळणदार: 'किसन सुटणार असे कळते. आमचे म्हणणे एवढेच की तो आमच्या वेशीत दिसू नये. दिसल्यास पुढचे आम्ही सांगू शकत नाही.'

गाडीत किसन फळीवर बसेना, खाली बसला. वामनरावांनी रागावून वर बसवला. प्रत्येक स्टेशनवर शिट्टी झाली की तो हात मांडीला लावून ताठ उभा राही.

"अरे, ती इंजिनाची शिट्टी आहे. तुझी नव्हे," वामनराव म्हणाले.

"व्हय जी," तो म्हणाला, आणि पुढच्या स्टेशनवर पुन्हा उभा राहिला.

त्याचे हात मोठे होते. तुरुंगात तो दऱ्या विणायचा. बोटांची टोके सुतळीने कापून कापून टणक झाली होती. मी त्या हातांकडे पाहायचे नाही असे ठरवले आणि सारा वेळ तेच पाहत होते. बाहेर काळी रानं, कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या, मध्येच हरभऱ्याचा हिरवा तुकडा. बऱ्याच वेळाने तो आपणहून एकच वाक्य बोलला. "तूर सोंगून झाली वाटते."

वाशीम यायच्या आधी त्याने वामनरावांना विचारले, घर कधी होईल. वामनराव म्हणाले, जागा ठरली तर काम लगेच सुरू करू, आणि तोवर तुला मिस्त्रीच्या हाताखाली बांधकामावरच ठेवू.

"आन जागा नाई ठरली त?"

"ठरेल रे."

"शनवारपर्यंत पाहातो," किसन म्हणाला. "नाई त मी गावी जातो. माय डोळ्यानं अधू झाली म्हनतात. नऊ वर्सं झाले. काय व्हाचं थे होईन."

तो धमकी देत नव्हता. पण गावी गेला तर तो आणि सखाराम या दोघांपैकी एक जिवंत राहणार नाही हे आम्हा तिघांनाही कळत होते. मी वहीत लिहिले: मुदत शनिवार.

मंगळवार. वाशीम.

आम्ही ओळखीच्या एका वकिलांकडे उतरलो. वकिलीणबाईंनी मला माजघरात घेतले, वामनरावांचे पान ओसरीवर मांडले, आणि किसनचे कुठे मांडायचे हे कुणी ठरवेना. तो तुरुंगाच्या भटारखान्यात नऊ वर्षे जेवलेला. त्याच्या जातीच्या पंचांनी बसून त्याला परत घेतल्याशिवाय त्याचे ताट कुणाच्या रांगेत येत नाही. शेवटी त्यानेच पत्रावळ उचलली आणि अंगणातल्या लिंबाखाली जाऊन बसला. जेवण उत्तम होते: ज्वारीची पातळ भाकरी, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी, जवसाची चटणी आणि तिच्यावर कच्चे तेल. आमच्या नाशिककडे पाहुण्याला तेल वाढायचे तर पळीने वाढतात. इथे धार सोडतात आणि पाहुणा पुरे म्हणाला की आणखी थोडी सोडतात. मी खात होते आणि खिडकीतून लिंबाकडे पाहत होते. मधल्या घरात चूल एक ठेवून चालणार नाही, चार हव्यात, हे तिथे मला सुचले. नकाशात एकच होती.

दुपारी गफूर मिस्त्री आले. वाशीमचे जुने गवंडी, साठीच्या पुढचे, चुन्याने भेगाळलेले हात, दाढी मेंदीने तांबडी. वामनरावांनी नळीतून नकाशा काढून पसरला. चार खोल्या ओळीने, पुढे पडवी, पडवीच्या टोकाला रखवालदाराची खोली, आणि त्या खोलीतून बाहेर जायचे एकच दार. खिडक्या डोक्याच्या वर.

गफूरमियांनी नकाशा फिरवून पाहिला, पुन्हा सरळ केला.

"ओव्हरसियरसाब, ये तो बराक हाय."

"साधं, स्वस्त आणि मजबूत आहे," वामनराव म्हणाले.

"मजबूत तो हाय. दरवाजा एक, खिडकी आसमान में. कैदी भागनार नई याची गॅरंटी मी देतो."

वामनराव दिवसभर त्यांच्याशी बोलले नाहीत. मला मिस्त्रींचे बोलणे पटले नव्हते. माझ्या वसतिगृहाला एकच दार आहे, त्या दाराशी माझे टेबल आहे, टेबलावर वही आहे, आणि वीस वर्षांत माझी एकही मुलगी हरवलेली नाही. एका दारामुळे घर सुरक्षित राहते, असे मी मानत होते. खिडक्या खाली घ्याव्यात आणि चार चुली कराव्यात एवढे मी नकाशावर पेन्सिलीने लिहिले.

त्या दिवशी दोन जागा पाहिल्या. पहिली कापसाच्या जिनाच्या मागची: मुनीम आमच्याबरोबर कोपरे दाखवीत हिंडला, आणि कोण राहणार ते कळल्यावर ही जागा मालकांनी आधीच कुणाला तरी देऊन ठेवली आहे असे त्याला आठवले. दुसरी तळ्याच्या अंगाची: तिथे आम्ही पोचायच्या आधीच बातमी पोचली होती. फाटकच उघडले नाही. रात्रीची सोय म्हणून किसनला गफूरमियांच्या अवजारांच्या छपरीत ठेवले. मी वकिलांच्या माजघरात झोपले आणि दाराची कडी तीनदा पाहिली.

बुधवार. अनसिंग.

अनसिंगला गावाबाहेर पडीक जमीन आहे आणि गाव कदाचित देईल, असे वकिलांनी सुचवले. आम्ही रेंगीने निघालो. ही दोन बैलांची हलकी गाडी पळते छान, पण अनसिंग दोन कोसांवर आले असता जुवाची दोरी तुटली. गाडीवान ती सांधत बसला, वामनराव सावलीत थांबले, आणि मी उन्हं चढायच्या आत पुढे चालू लागले. किसन माझ्या मागे निघाला.

तो मागून येतो आहे हे मला सहन होईना. त्याच्या वहाणा वाजत नव्हत्या. तुरुंगात अनवाणी चालून पाऊल हलके झाले असावे. मी थांबले आणि पुढे हो म्हणाले. तो तयार होईना. बाईमाणसाच्या पुढे कसा चालू, म्हणाला. मग आम्ही गाडीवाटेच्या दोन चाकोऱ्यांतून चाललो, एकीतून मी, दुसरीतून तो, मध्ये वीतभर वाढलेले गवत. पळसाला फुले आली होती आणि पान एकही नव्हते.

मी विचारले नव्हते. तोच बोलला.

"त्याची जोडी मानाची होती, बाई. दरसाल तेच पयले. त्या साली म्या नवी जोडी आनली होती. गोऱ्हे होते, उंच. मले वाटलं, एक डाव आपले बैल पयले जावा."

"एवढंच?"

"येवढंच. काठी मारली तवा वाटलं खांद्याले लागन. थो वाकला."

थोड्या वेळाने म्हणाला, "आता तोरनच बांधत नाई म्हनतात गावात. पोळा घरच्या घरी करतात."

तिथून पुढे त्याच्या हातांची भीती मला वाटली नाही. ती नक्की कुठल्या वळणावर गेली ते सांगता येणार नाही. अनसिंगहून निघेपर्यंत तिची जागा दुसऱ्या भीतीने घेतली.

चावडीवर वीस-पंचवीस माणसे जमली. वामनराव मागून आले आणि चांगले बोलले. एका म्हाताऱ्याने शांतपणे सगळे ऐकून घेतले.

"बाई," तो मला म्हणाला, "तुमी चांगल्या घरच्या दिसता. अकोल्याले तुमच्या शेजारी जागा नाई काय?"

लोक हसले. मीही हसले. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणाले, "हा किसन्या व्हय ना गा? नारायनाले मारलं थो?" हसणे थांबले. ओट्यावर उभ्या असलेल्या बायांनी पोरे आत ओढली. जागा मिळणार नव्हती हे तेव्हाच कळले. उठताना एका माणसाने वामनरावांना बाजूला घेऊन जे सांगितले ते मला ऐकू आले: "सखाराम वाशीमच्या बजारात फिरून राह्यला. सोमवारपासून. तुमी कुठं कुठं गेले थे पुसून राह्यला."

परतताना मी किसनला रेंगीत मधोमध बसवले. प्रत्येक वळणावर, प्रत्येक बाभळीमागे मी माणूस पाहत होते. सखाराम कसा दिसतो हे मला ठाऊक नव्हते, त्यामुळे वाटेत भेटलेला प्रत्येक माणूस सखारामच होता. किसनला विचारले तर म्हणाला, "तवा पोरगा होता. आता वळखू नाई यायचा मले."

गुरुवार. मालेगाव रस्ता.

चौथी जागा मिळाली. मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, वस्तीच्या शेवटच्या घरापलीकडे. एका व्यापाऱ्याची; तो भाडेपट्ट्याने द्यायला तयार झाला, पण अट एक. शेजारी तक्रार करता कामा नयेत. आणि शेजाऱ्यांनी आधीच त्याला सांगून ठेवले होते: दार एकच हवे, तेही रस्त्याकडे. आत-बाहेर जाणारा माणूस सर्वांना दिसला पाहिजे.

"आमच्या नकाशात तसेच आहे," मी लगेच म्हणाले. शनिवारला दोन दिवस होते आणि मला फार हायसे वाटले.

गफूरमियांची पद्धत अशी, की कागदावर ठरलेले घर ते मालकाला आधी जमिनीवर दाखवतात. खुंट्या ठोकून दोरी ताणायची आणि दोरीवरून चुन्याची फक्की टाकायची, पूर्ण मापाची. मग ज्याला राहायचे त्याने आत जाऊन हिंडायचे.

"कागज पे आदमी नई राहत, बाई. जमीन पे राहतो."

दहा वाजेपर्यंत काळ्या मातीवर पांढरे घर उभे राहिले, म्हणजे आडवे. खोल्या, पडवी, रखवालदाराची जागा, आणि रेघेत तीन फुटांची मोकळी जागा ठेवून दाखवलेले दार. गफूरमिया किसनला म्हणाले, "जा. तिसरी खोली तुझी. बिस्तर कुठं टाकशील थे दाखव."

किसन रेघ ओलांडून गेला नाही. रस्त्याकडून फिरून, दाराच्या जागेतून वाकून आत शिरला, रखवालदाराच्या खोलीतून, पडवीतून, आपल्या खोलीत. तिथे एका कोपऱ्यात बसला. उठला. दुसऱ्या कोपऱ्यात बसला. चारही कोपरे झाले.

"काय गा, मुहूर्त पाहतो काय?" मिस्त्री म्हणाले.

"इथं मी मरन," किसन म्हणाला.

वामनराव चिडले. "का? काय कमी आहे?"

"दार एक हाय, साहेब. थो दारात येऊन उभा राह्यला त मी कुठून जाऊ?"

"रखवालदार असेल ना दाराशी."

"तिथं शिपाई होते. बंदूक होती. तिथं एक दार बरं होतं, कोनी आत येऊ शकत नव्हतं. इथं कोनीबी येईन."

मी हातातल्या नकाशाकडे पाहिले. माझी सही खाली होती. माझ्या दाराशी मी बसते ती मुलींना बाहेरच्या जगापासून जपायला. आणि माझ्या मुलींच्या मागावर कुणी कुऱ्हाड घेऊन निघालेले नसते. हे मला अकोल्यात सुचायला हवे होते. मी पेन्सिल काढली आणि मागच्या भिंतीवर, शेताच्या बाजूला, दाराची खूण केली. व्यापाऱ्याची अट माझ्या डोळ्यांसमोर होती, तरी केली.

मान वर केली तेव्हा चुन्याच्या दारात एक माणूस उभा होता.

पंचविशीचा असेल. डोक्याला उपरणे, पायात धुळीने भरलेल्या वहाणा, खांद्यावर कुऱ्हाड, जशी शेताला जाणारा कुठलाही माणूस घेतो तशी. तो रेघेतल्या त्या तीन फुटांत बरोबर उभा होता. कुणी ओळख करून दिली नाही.

किसन कोपऱ्यात उठून उभा राहिला, हात मांडीला लावून.

त्या घराला भिंती नव्हत्या. चारही बाजूंनी मोकळे रान होते. किसनने कुठेही पाऊल टाकले असते तरी तो बाहेर पडला असता. पण तो पळाला नाही, त्याच्या पायांना ती रेघ भिंत होती. आणि सखारामही आत आला नाही. मी पडवीच्या जागी उभी होते, दोघांच्या मधोमध, हातात पेन्सिल. वामनरावांनी फीत गुंडाळायला घेतली आणि ती गुंडाळतच राहिले. गफूरमिया तेवढे बोलले.

"सखारामभाऊ, कुल्हाडी खाली ठेव. नया घर हाय."

"घर कुठं हाय," सखाराम म्हणाला. पण त्याने कुऱ्हाड खांद्यावरून काढून हातात धरली, पाते खाली.

मग तो चालू लागला. बाहेरून, रेघेच्या कडेकडेने, शेतात पावले मोजावीत तसा. पूर्ण घराला वळसा घातला. मागच्या बाजूला थांबला, जिथे मी कागदावर खूण केली होती त्याच सुमाराला, आणि तिथून किसनकडे पाहिले. दोघांच्या मध्ये चार हात जमीन आणि एक पांढरी रेघ.

"बुढा झाला तू," तो म्हणाला.

किसनचे हात मांडीलाच होते.

"आमची माय म्हने, पाहून ये कसा हाय त. पाह्यलं." तो माझ्याकडे वळला. "बाई, हे घर तुमी बांधता?"

"मंडळ बांधतं," मी म्हणाले. "हे घर झालं तर तो गावात येणार नाही. तुमची तयारी होईपर्यंत येणार नाही."

"दार कुठं हाय?"

मी पुढचे दाखवले.

"येकच?"

मला खोटे बोलता आले नाही आणि खरेही. मी म्हणाले, "अजून ठरायचं आहे."

त्याने कुऱ्हाडीच्या दांड्यावर अंगठा फिरवला.

"मी येईन का नाई थे मले ठाव नाही, बाई. आज इथं यायचं नाई म्हनत होतो, आन आलो. आज काई वाटून नाई राह्यलं. पन पोळ्याच्या दिवशी माय नारायनाच्या जोडीचे घुंगरू काढून पुसत बसते. तवा मले काय होते थे माह्यं मलेच समजत नाही." मग म्हणाला, "दारं दोन ठेवा."

आणि रस्त्याने न जाता शेतातून गेला. किसन तो दिसेनासा होईपर्यंत उभा होता. मग दाराच्या जागेतूनच बाहेर आला, आणि मिस्त्रींच्या माठातले पाणी मी त्याच्या ओंजळीत ओतले. त्याने तोंड धुतले, प्यायला नाही.

शुक्रवार. रुक्मिणबाईंचे अंगण.

मागचे दार ज्या बाजूला उघडणार तिथे शेताच्या अलीकडेच एक घर आहे. रुक्मिणबाई दूध विकतात. नवरा नाही, दोन मुली, चौदा आणि सोळा वर्षांच्या, आणि तीन म्हशी. दाराची अट मुळात त्यांनीच घातली होती. मी सकाळी एकटी गेले. वामनराव येतो म्हणाले. मी नको म्हणाले.

त्यांनी गूळ-पाणी दिले, पिढे दिले आणि म्हैस पिळता पिळता माझे सगळे ऐकून घेतले. मी काल घडलेले काहीच लपवले नाही.

"म्हंजे कुऱ्हाडवाला पुढून आला त तुमचा मानूस माह्या आंगनात पयत येईन," त्या म्हणाल्या. "आन त्याच्या मांगं कुऱ्हाडवाला."

हे मी धरलेच नव्हते.

"आन तो कुऱ्हाडवाला आला नाई, तरी सहा-सहा महिन्याले येक नवा मानूस माह्या मांगच्या दारी. कोन खून करून आला, कोन चोरी. कोन आनखी काय करून आला. माह्या दोन पोरी हायेत."

"माझ्याकडे मुली असतात, रुक्मिणबाई. मला कळतं तुम्ही काय म्हणता ते."

"तुमच्या घराले दारं किती?"

"एक."

"काहून?"

मी सांगितले काहून. त्या हसल्या नाहीत. धार काढून झाली, चरवी झाकली, हात पुसले.

"मी नाई म्हनत नाई," त्या म्हणाल्या. "तो मानूस मले वाईट नाई वाटला. काल मी इथून पाहात होती. पन मले भेव वाटते, आन तुमी परवा अकोल्याले चालल्या. तुमी असं करा. काम सुरू झालं, तो तिथं राहाले लागला, का तुमी या. आठ दिवस माह्याइथं राहा. या खाटीवर झोपा, पोरीइच्या जवळ, दार लोटून. आठ दिवसानं तुमी म्हनान ना, रुक्मिनबाई, काई भेव नाही, त मांगचं दार मीच उघडून देतो."

"येईन," मी म्हणाले.

"नाई आल्या त भिंत बांधा पक्की," त्या म्हणाल्या, आणि मोठ्या मुलीला हाक मारून माझ्याबरोबर ताकाचा तांब्या पाठवला.

व्यापाऱ्याने पट्ट्यावर सही केली: दार एक, रस्त्याकडे, दुसऱ्याबद्दल शेजाऱ्यांची संमती आली तर पाहू. किसनला ते वाचून दाखवले. तो शनिवारी गावी गेला नाही. त्याची आईच बैलगाडीतून वाशीमला आली असे नंतर कळले. मी तोवर परतले होते. येताना गाडीत माझ्यासमोर कुणी नव्हते, आणि तरी शिट्टी झाली की मी दचकत होते.

याला आता चार आठवडे झाले. गफूरमियांनी कुणाकडून तरी लिहवून पाठवलेल्या पत्रात बांधकामाची हकीकत आहे. तीन भिंती छातीपर्यंत आल्या, चार चुलींची जागा सोडली, खिडक्या खाली घेतल्या. मागच्या भिंतीचे काम जोत्यावर थांबवले आहे. किसन छपरी सोडून आता बांधकामावरच झोपतो, त्या उघड्या बाजूकडे पाय करून. सखाराम पुन्हा दिसला नाही. पावसाच्या आत छप्पर चढवायचे तर ती भिंत होळीनंतर लगेच घ्यावी लागेल; दार सोडून घ्यायची की न सोडता, एवढे कळवा, म्हणतात.

मी वहीत पाहते आहे. जागा झाली. पट्टा झाला. नकाशा दुरुस्त करून मंडळाकडे दिला. वसतिगृहावर आठ दिवसांसाठी बदली बाई पाहून ठेवली, तीही तयार आहे. वळकटी बांधलेली आहे. दोनदा गाडीची वेळ काढली, आणि दोन्ही वेळा मला काहीतरी काम निघाले. रुक्मिणबाईंच्या घरी, मुलींच्या शेजारच्या खाटेवर, दार नुसते लोटून आठ दिवस राहायचे आहे. ते अजून झालेले नाही.